सारखे शब्द, वेगळे प्रश्न : स्पॅनिश शब्दांची निवड

१९८० साली अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील एका रुग्णालयात अठरा वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत आणण्यात आले. त्याचे कुटुंब मूळचे क्यूबाचे, स्पॅनिश बोलणारे होते. मुलाच्या पोटात काही तरी वाईट गेले असावे, अशी घरच्यांची समजूत होती, आणि ती सांगण्यासाठी त्यांनी 'इन्तोक्सिकादो' हा शब्द वापरला. क्यूबाच्या बोलीत या शब्दाचा अर्थ, खाल्ल्याप्यालेल्या पदार्थाची बाधा झालेला, असा होतो. उपचार करणाऱ्यांना मात्र त्यात त्याच तोंडवळ्याचा इंग्रजी शब्द ऐकू आला. इंग्रजीत 'इंटॉक्सिकेटेड' म्हणजे मद्याने किंवा मादक द्रव्याने धुंद झालेला. साहजिकच मादक द्रव्याचे अतिसेवन गृहीत धरून उपचार सुरू झाले. वस्तुतः त्या तरुणाच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. ते ध्यानात येईपर्यंत फार उशीर झाला होता. त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. दुभाष्या बोलावण्याची गरज कोणालाच भासली नव्हती. शब्द तर ओळखीचा वाटत होता!

भाषा शिकणाऱ्याच्या हातून घडणाऱ्या चुका सामान्यतः इतक्या महाग पडत नाहीत. तथापि त्यांचे मूळ पुष्कळदा येथेच असते. एक तर परक्या भाषेतील शब्द ओळखीच्या शब्दासारखा दिसतो म्हणून त्याचा अर्थही तोच असेल असे आपण धरून चालतो. किंवा परक्या भाषेतील दोन शब्दांपुढे कोशात एकच प्रतिशब्द दिलेला पाहून ते दोन शब्द परस्परांच्या जागी चालतील असे समजतो. स्पॅनिश भाषेच्या विद्यार्थ्याला या दोन्ही प्रकारच्या चुका पावलोपावली भेटतात. प्रस्तुत पाठात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

मराठी भाषकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपल्याकडे स्पॅनिशची पाठ्यपुस्तके आणि कोश बहुधा इंग्रजीच्या द्वारे हाती येतात. त्यामुळे मराठी विद्यार्थी एका भाषेतून थेट दुसऱ्या भाषेत न जाता मध्ये एका तिसऱ्या भाषेचा पूल ओलांडतो. त्या पुलावर काही भेद गळून पडतात. आणि आश्चर्याची गोष्ट अशी की त्यांपैकी कित्येक भेद मराठीत मुळातच असतात.

उच्चारांविषयी एक खुलासा आधी केलेला बरा. या पाठातील स्पॅनिश शब्द लॅटिन अमेरिकेतील सर्वसाधारण उच्चारांनुसार नागरी लिपीत दिले आहेत. त्यांतील त आणि द दंत्य समजावेत, आणि 'ओखा' किंवा 'खाबोन' यांसारख्या शब्दांतील ख घशातून घासून काढावा.

पुलावर गळून पडलेले भेद

'पेदीर' आणि 'प्रेगुन्तार' ही क्रियापदे पहिल्या काही पाठांतच येतात. इंग्रजी कोश दोहोंपुढे एकच क्रियापद देतो, आणि मग कोणते केव्हा वापरावे याचे नियम पाठ करणे विद्यार्थ्याच्या नशिबी येते. प्रस्तुत लेखकानेही आरंभीच्या दिवसांत हे नियम वहीत उतरवून घोकले होते. पुढे केव्हा तरी लक्षात आले की 'पेदीर' म्हणजे मागणे आणि 'प्रेगुन्तार' म्हणजे विचारणे. पाणी मागतात, वाट विचारतात. उसने पैसे मागतात, पैशांविषयी विचारतात. चार वर्षांचे मराठी मूलही या दोन क्रियापदांत गल्लत करीत नाही. जो भेद घरातच होता, तो परक्या दारातून आणण्याचा तो खटाटोप होता.

'पोर के' आणि 'पारा के' या प्रश्नांचेही तसेच आहे. पहिल्याचा अर्थ कशामुळे, दुसऱ्याचा कशासाठी. 'पोर एसो' म्हणजे त्यामुळे आणि 'पारा एसो' म्हणजे त्यासाठी. 'पोर' आणि 'पारा' या शब्दयोगींचा सारा व्याप एवढ्याने आटोपत नाही, हे खरे. पण पहिल्याचे तोंड मागे, कारणाकडे असते आणि दुसऱ्याचे पुढे, हेतूकडे असते, हे मर्म '-मुळे' आणि '-साठी' या दोन प्रत्ययांतून आपल्या चटकन ध्यानात येते.

आवडीनिवडी सांगण्याची रीतही मराठीला जवळची आहे. 'मे गुस्ता एल काफे' या वाक्याचा शब्दक्रमासह अनुवाद 'मला आवडते कॉफी' असा होतो. आवडणारी वस्तू अनेकवचनी झाली की क्रियापद बदलून 'मे गुस्तान' होते; आपणही 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' असेच म्हणतो. इंग्रजी वाक्यात आवडून घेणारा माणूस कर्ता असतो. म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही रचना उलटी वाटते. मराठी माणसाला ती सरळ वाटली पाहिजे.

यांहून अधिक विचार करावा लागतो तो 'साबेर' आणि 'कोनोसेर' या जोडीचा. दोहोंचा ढोबळ अर्थ जाणणे. 'कोनोसेर' ज्या लॅटिन धातूपासून आला आहे, तो आणि संस्कृतातील 'ज्ञा' हे एकाच मूळ धातूचे वंशज होत. 'साबेर'चा लॅटिन पूर्वज मात्र चव असणे, चव घेणे या अर्थाचा होता, आणि आजही एखाद्या पदार्थाला लसणीची चव आहे असे सांगताना स्पॅनिश माणूस 'साबेर' हेच क्रियापद वापरतो. आजच्या व्यवहारात 'साबेर' माहितीचे आहे आणि 'कोनोसेर' परिचयाचे. एखाद्याचा पत्ता, गाडीची वेळ, प्रश्नाचे उत्तर ही 'साबेर'ची कर्मे. माणूस, गाव, पुस्तक ही 'कोनोसेर'ची.

येथे 'साबेर म्हणजे माहीत असणे' एवढेच समीकरण मांडून थांबणे धोक्याचे आहे. आपण 'मला तो गृहस्थ माहीत आहे' असेही म्हणतो, आणि तेथे स्पॅनिशमध्ये 'कोनोसेर'च हवे. म्हणून एक कसोटी वापरावी. वाक्याचा अर्थ न बदलता 'मला माहीत आहे की…' अशी सुरुवात करता आली, किंवा पुढे कोठे, केव्हा, कसे असा प्रश्न जोडता आला, तर 'साबेर' घ्यावे. 'माझी ओळख आहे' किंवा 'मी पाहिले आहे, अनुभवले आहे' असे म्हणता आले, तर 'कोनोसेर' घ्यावे. माद्रिद शहर स्पेनची राजधानी आहे हे शाळकरी मुलाला 'साबेर'च्या अर्थाने ठाऊक असते. जो त्या शहरात राहून आला, तोच 'कोनोसेर' म्हणू शकतो.

भूतकाळात या जोडीचे रूप आणखी मनोरंजक होते. ज्या भूतकाळाने घडून गेलेली, पुरी झालेली क्रिया सांगितली जाते, त्यात 'सूपे' म्हणजे 'मला कळले' आणि 'कोनोसी' म्हणजे 'माझी ओळख झाली'. अपूर्ण भूतकाळात मात्र 'साबीया' म्हणजे 'मला माहीत होते' आणि 'कोनोसीया' म्हणजे 'माझी ओळख होती'. स्पॅनिश भाषा जे काळ बदलून साधते, ते मराठी क्रियापद बदलून साधते. अनुवाद करताना हे सुटले, तर ज्या पात्राला बातमी त्या क्षणी कळते, ते पात्र बातमी आधीपासून दडवून बसल्यासारखे दिसू लागते. एका काळाच्या चुकीने निरपराध माणूस लबाड ठरतो!

कौशल्यासाठीही 'साबेर'च चालते. 'से नादार' म्हणजे मला पोहता येते. परंतु 'आज पाय दुखतो आहे, मला पोहता येणार नाही' या वाक्यात मराठीने तेच 'येणे' वापरले असले, तरी स्पॅनिशला तेथे 'पोदेर', म्हणजे शकणे, लागते. शिकून अंगी आलेली गोष्ट 'साबेर'ची. परिस्थितीने शक्य वा अशक्य केलेली गोष्ट 'पोदेर'ची.

मातृभाषा जेथे चकवते

वरील विवेचनावरून मराठीचा हात धरला की सारे साधते, असा समज होण्याचा संभव आहे. तसे नाही. 'जाणे' आणि 'येणे' यांचेच पाहा. कोणी हाक मारली की आपण 'आलो, आलो' म्हणतो. घरातून निघतानाही 'येतो' म्हणतो, कारण 'जातो' म्हणणे आपल्याला अशुभ वाटते. स्पॅनिश माणूस हाकेला 'बोय' असे उत्तर देतो, म्हणजे शब्दशः 'जातो'. त्या भाषेत 'बेनीर', म्हणजे येणे, हे क्रियापद बोलणारा ज्या जागी आहे त्या जागेच्या दिशेनेच होते. ऐकणाऱ्याच्या दिशेने जावयाचे असेल, तर ते 'ईर', म्हणजे जाणे. 'उद्या मी तुझ्याकडे येतो' हे मराठी वाक्य स्पॅनिशमध्ये 'उद्या मी तुझ्या घरी जातो' असे होते.

'त्राएर' आणि 'येबार', म्हणजे आणणे आणि नेणे, यांनाही हाच नियम लागू आहे. 'तुझे पुस्तक उद्या घेऊन येतो' असे मित्राला सांगताना 'येबार' वापरावे. मराठी भाषा ऐकणाऱ्याच्या जागी जाऊन उभी राहते. स्पॅनिश भाषा बोलणाऱ्याची जागा सोडत नाही. हे एकदा मनावर ठसले, की चारही क्रियापदे एकदमच ताब्यात येतात.

नामांच्या बाबतीत 'पान' हा आपला शब्द घ्यावा. झाडाचे पान, वहीचे पान आणि 'पान क्रमांक दहा' ही तीनही आपल्याला पानेच. स्पॅनिशमध्ये झाडाचे पान आणि कागदाचे पान 'ओखा'. परंतु क्रमांक असलेले, वाचावयाचे पृष्ठ म्हणजे 'पाखिना'. एका 'ओखा'ला दोन 'पाखिना' असतात. फाटते ती 'ओखा', वाचतात ती 'पाखिना'.

'पाय' हा शब्दही असाच व्यापक आहे. स्पॅनिशमध्ये पाऊल म्हणजे 'प्ये', माणसाची तंगडी म्हणजे 'प्येर्ना', आणि जनावराचा किंवा टेबलाचा पाय म्हणजे 'पाता'. माणसाच्या पायाला 'पाता' म्हटले, तर ती थट्टा तरी होते किंवा उर्मटपणा तरी. आपण पाहुण्याला 'तंगड्या आवरा' म्हणत नाही, त्यातलाच हा प्रकार. पाठीबाबतही माणसाची 'एस्पाल्दा' आणि जनावराची 'लोमो' असा भेद आहे.

कोपऱ्याचे दोन शब्द आहेत. 'रिन्कोन' हा आतून दिसणारा, दोन भिंतींच्या कुशीतला कोपरा. 'एस्कीना' हा बाहेरून दिसणारा, दोन रस्त्यांच्या नाक्यावरचा. मराठीत नाम एकच असले, तरी विभक्तीकडे लक्ष दिल्यास वाट सापडते. मूल कोपऱ्यात रुसून बसते, तो 'रिन्कोन'. दुकान कोपऱ्यावर असते, ती 'एस्कीना'. मातृभाषेत एखादा भेद एका जागी दिसला नाही, म्हणून तो तिला ठाऊकच नाही असे मानण्याची घाई करू नये.

'सेर' आणि 'एस्तार'

स्पॅनिशच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा येथे होते. मराठीतील 'आहे' या एका क्रियापदासाठी त्या भाषेत ही दोन क्रियापदे आहेत. पुष्कळ पुस्तकांत असा नियम सांगितलेला असतो, की कायमच्या गोष्टीसाठी 'सेर' आणि तात्पुरत्या गोष्टीसाठी 'एस्तार' वापरावे. हा नियम लवकर शिकता येतो आणि लवकरच मोडतो. 'तो मेला आहे' यापेक्षा कायमची स्थिती कोणती? तरीही तेथे 'एस्तार' लागते. माद्रिद स्पेनमध्ये आहे, आणि ते तेथून हलण्याची भीती नाही, तेथेही 'एस्तार'च. उलट 'आता चार वाजले आहेत' ही गोष्ट क्षणभराची. तेथे मात्र 'सेर'.

मराठीतील 'आहे' आणि 'असतो' यांच्यातील भेद येथे उपयोगी पडेल असे क्षणभर वाटते. 'बर्फ थंड असतो' येथे 'सेर' आणि 'चहा थंड आहे' येथे 'एस्तार' येते, हे खरे. पण 'तो संध्याकाळी घरी असतो' येथे 'एस्तार' आणि 'ती डॉक्टर आहे' येथे 'सेर' येताच हा आधार निसटतो.

व्युत्पत्ती अधिक भरवशाची वाट दाखविते. 'एस्तार' हे लॅटिनमधील उभे राहणे या अर्थाच्या धातूपासून आले आहे, आणि तो धातू म्हणजे आपल्या 'स्था'चा सख्खा भाऊ. 'स्था'पासून आपल्याकडे दोन शब्द झाले : स्थान आणि स्थिती. 'एस्तार'ची मुख्य कामेही नेमकी हीच दोन आहेत. वस्तू कोठे आहे हे स्थान, आणि ती कोणत्या अवस्थेत आहे ही स्थिती. 'सेर'च्या वर्तमानकाळातील 'एस' आणि 'सोन' या रूपांमागे लॅटिनमधील तो धातू आहे, ज्याचे संस्कृत भावंड 'अस्' होय. 'अस्ति' आणि 'सन्ति' यांच्याशी त्यांचे साम्य कानालाही जाणवते. वस्तू मुळात काय आहे, कोण आहे, कशाची आहे, कोठली आहे, हे सांगणे 'सेर'चे काम. मृत्यू कायमचा असला तरी ती माणसाची स्थिती आहे, व्याख्या नव्हे. म्हणून तेथे 'एस्तार'.

एक अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वस्तू वा व्यक्ती कोठे आहे हे 'एस्तार'ने सांगतात. पण समारंभ, सभा, परीक्षा यांसारखी घटना कोठे आहे हे 'सेर'ने सांगतात. घटना कोठे 'उभी' नसते, ती घडते.

या दोन क्रियापदांमुळे विशेषणांचे अर्थ कसे पालटतात, ते पाहण्यासारखे आहे. 'लीस्तो' हे विशेषण 'सेर'बरोबर हुशार आणि 'एस्तार'बरोबर तयार असा अर्थ देते. 'बेर्दे' 'सेर'बरोबर हिरवे, 'एस्तार'बरोबर कच्चे. 'रीको' 'सेर'बरोबर श्रीमंत, 'एस्तार'बरोबर चविष्ट. 'आबुर्रीदो' हे 'सेर'बरोबर कंटाळवाणा आणि 'एस्तार'बरोबर कंटाळलेला. मराठीने जे काम 'वाणा' आणि 'लेला' या प्रत्ययांवर सोपविले, ते स्पॅनिशने क्रियापदावर सोपविले आहे. 'मला कंटाळा आला आहे' असे सांगण्याच्या बेतात असलेला विद्यार्थी चुकीचे क्रियापद निवडून 'मी कंटाळवाणा मनुष्य आहे' अशी कबुली देऊन बसतो.

एका मुळाच्या दोन फांद्या

पोर्तुगीज ही स्पॅनिशची निकटची भगिनी. गोवा, वसई आणि कोकण किनाऱ्यावरील पोर्तुगिजांच्या दीर्घ वास्तव्यामुळे तिचे अनेक शब्द मराठीत रुजले. त्यामुळे स्पॅनिश शिकताना मधूनच घरचे माणूस भेटल्यासारखे होते. आपला साबण तेथे 'खाबोन' आहे, पाव 'पान' आहे, चावी 'याबे' आहे. मात्र या ओळखीवरही फार विसंबू नये. 'बाताता' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताईनो लोकांच्या भाषेतून युरोपात गेला आणि तो मुळात रताळ्याचा वाचक होता. पोर्तुगीजमध्ये आणि तेथून मराठीत त्याचा अर्थ बटाटा झाला. अर्जेंटिनाच्या बाजारात आजही 'बाताता' मागणाऱ्याच्या पिशवीत रताळी पडतात. बटाट्याला लॅटिन अमेरिकेत 'पापा' म्हणतात, आणि स्पेनमध्ये 'पाताता'.

'याबे' हा शब्द आपल्याला आणखी एका गोष्टीकडे नेतो. किल्ली या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून स्पॅनिशमध्ये दोन शब्द झाले. लोकांच्या तोंडी झिजत आलेला तो 'याबे', कुलूप उघडणारी किल्ली. आणि विद्वानांनी ग्रंथांतून उचललेला तो 'क्लाबे', गूढ उकलणारी किल्ली, सांकेतिक लिपीची, कोड्याची वा आजच्या यंत्रांतील परवलीच्या शब्दाची. त्याचप्रमाणे 'देल्गादो' म्हणजे सडपातळ आणि 'देलिकादो' म्हणजे नाजूक, हेही एकाच लॅटिन शब्दाचे वंशज आहेत.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. आपले तद्भव आणि तत्सम शब्द असेच शेजारी नांदतात. खीर आणि क्षीर यांचे मूळ एक, पण वाटीत असते ती खीर. गाभण आणि गर्भिणी यांचेही मूळ एक. परंतु गाय गाभण असते आणि स्त्री गर्भिणी. स्पॅनिशमध्ये या अर्थाचे दोन शब्द एका मुळाचे नसले, तरी त्यांची वाटणी जवळजवळ अशीच आहे. 'प्रेन्यादा' हा शब्द मुख्यत्वे जनावरांसाठी वापरतात. स्त्रीविषयी तो वापरणे बहुतेक ठिकाणी ग्राम्य ठरते. स्त्रीसाठी सभ्य शब्द 'एम्बारासादा'.

दुर्दैवाने हाच शब्द इंग्रजीतील ओशाळणे या अर्थाच्या शब्दासारखा दिसतो. दोहोंचे मूळ एकच आहे, आणि गुंता, अडथळा हा त्याचा आशय होता. पण दोन भाषांत त्याचे मार्ग वेगळे झाले. ओशाळलेला एखादा तरुण 'मी एम्बारासादो आहे' असे म्हणतो, आणि श्रोते हसू दाबतात. त्याला म्हणावयाचे असते 'मे दा बेर्ग्वेन्सा', म्हणजे मला लाज वाटते. 'लिब्रेरीया' म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचे दुकान. ग्रंथालय म्हणजे 'बिब्लियोतेका'. 'एक्सितो' म्हणजे बाहेर जाण्याचा मार्ग नव्हे, यश. 'आसिस्तीर'चा नेहमीचा अर्थ मदत करणे नसून हजर राहणे असा आहे. स्पेनमध्ये 'कोन्स्तिपादो' म्हणजे सर्दी झालेला, बद्धकोष्ठाचा रोगी नव्हे; लॅटिन अमेरिकेतील काही देशांत मात्र तो दुसरा अर्थही चालतो. पाठाच्या आरंभी सांगितलेली घटना आठवली, म्हणजे अशा शब्दांची यादी केवळ विनोदासाठी नाही हे पटेल.

कोणाशी आणि कोठे

स्पॅनिश ही वीस सार्वभौम देशांच्या राज्यव्यवहाराची भाषा आहे. एका देशात निरुपद्रवी असलेला शब्द दुसऱ्या देशात अनुच्चारणीय असू शकतो. 'कोखेर' म्हणजे घेणे, पकडणे. स्पेनमध्ये लोक हा शब्द योजून बस पकडतात. मेक्सिको, अर्जेंटिना आणि इतर काही देशांत मात्र त्याला अश्लील अर्थ आहे. तेथे 'तोमार' वापरावे. जेथे शंका असेल, तेथे सर्वत्र चालणारा शब्द निवडणे शहाणपणाचे.

संबोधनाच्या बाबतीत मराठी माणसाची समज उपजतच तयार असते. 'तू' हा शब्द दोन्ही भाषांत उच्चाराने आणि अर्थाने एकच. आदरार्थी 'उस्तेद' हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचा झिजून झालेला संक्षेप आहे, म्हणूनच त्याच्यापुढे क्रियापद तृतीय पुरुषी येते. अर्जेंटिनामध्ये 'तू'च्या जागी 'बोस' ऐकू येते, आणि कोलंबियाच्या काही भागांत घरच्या माणसांतही 'उस्तेद' म्हणण्याची चाल आहे. नवख्याने मोठ्यांशी आणि अनोळखी माणसांशी 'उस्तेद'ने आरंभ करावा आणि समोरच्याने सुचविल्यावर 'तू'वर यावे.

जेथे स्पॅनिशमध्ये शब्द एकच आहे

आतापर्यंत स्पॅनिशमधील दोन शब्दांपैकी एकाची निवड आपण पाहिली. अनुवादकापुढे उलटाही प्रसंग येतो. 'एस्पेरार' या एका क्रियापदाचे अर्थ वाट पाहणे आणि आशा करणे असे दोन आहेत. १९६१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या कर्नलविषयीच्या लघुकादंबरीत एक वृद्ध सैनिक निवृत्तिवेतनाच्या पत्रासाठी वर्षानुवर्षे दर शुक्रवारी टपालाकडे डोळे लावून असतो. तो वाट पाहतो की आशा करतो? स्पॅनिश वाचकाला हा प्रश्न पडण्याचे कारण नाही. मराठी अनुवादकाला मात्र प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागते, आणि प्रत्येक निवडीत अर्थाचा एक अर्धा भाग दाराबाहेर राहतो. स्पॅनिश शिकणाऱ्यानेही हे जाणून असावे; कारण शब्दांचे भेद शिकता शिकता, जेथे भेद नाही तेथेही तो शोधण्याची खोड लागते.

वही कशी ठेवावी

स्पेनमधील मारिया मोलिनेर (१९००–१९८१) यांचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. त्या व्यवसायाने ग्रंथपाल होत्या. नोकरी आणि संसार सांभाळून त्यांनी घरी बसून सुमारे पंधरा वर्षांच्या परिश्रमाने स्पॅनिश भाषेचा एक प्रचंड कोश सिद्ध केला. तो १९६६ आणि १९६७ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. शब्दाचा अर्थ सांगून तो कोश थांबत नाही. शब्द वाक्यात कसा वागतो, त्याचे सोबती कोण, त्याच्या जवळपासचे शब्द कोणते, हेही दाखवितो. १९७२ साली स्पॅनिश राजभाषा अकादमीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव पुढे आले, परंतु त्यांची निवड झाली नाही. त्यांचा कोश मात्र लेखक आणि अनुवादक आजही हाताशी ठेवतात.

विद्यार्थ्याची वही हा याच पद्धतीचा एक लहानसा कोश असावा. शब्द आणि त्यापुढे एक प्रतिशब्द अशा दोन रकान्यांची यादी करू नये. सारखे वाटणारे दोन शब्द एकाच पानावर समोरासमोर लिहावेत; प्रत्येकाखाली असे एक वाक्य लिहावे, की ज्यात दुसरा शब्द चालणारच नाही; आणि त्या वाक्याचा अर्थ इंग्रजीत न लिहिता मराठीत लिहावा. मग तीन प्रश्न विचारावेत. हा भेद मराठीत आहे काय? असल्यास तो नामात आहे, क्रियापदात आहे की एखाद्या प्रत्ययात? आणि हा शब्द कोणाशी व कोणत्या देशात बोलावयाचा? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत तो शब्द आपल्याला येतो असे समजू नये.

स्वाध्याय

पुढील वाक्यांत कोणता स्पॅनिश शब्द योजावा, ते आधी स्वतः ठरवावे.

१. त्याने वाट विचारली आणि पाणी मागितले.
२. तुझ्या भावाचा पत्ता मला माहीत आहे, पण त्याची-माझी ओळख नाही.
३. थांब, आलोच!
४. परीक्षा कोणत्या खोलीत आहे, आणि परीक्षेचे कागद कोणत्या खोलीत आहेत?
५. या पुस्तकाचे शेवटचे पान फाटले आहे. त्यामुळे शेवटच्या पानावर काय लिहिले होते ते कळत नाही.

उत्तरे : पहिल्या वाक्यात अनुक्रमे 'प्रेगुन्तार' आणि 'पेदीर'. दुसऱ्यात 'साबेर' आणि 'कोनोसेर'. तिसऱ्यात 'ईर', म्हणजे 'बोय'. चौथ्यात परीक्षेसाठी 'सेर', कागदांसाठी 'एस्तार'. पाचव्यात फाटलेली 'ओखा' आणि लिहिलेली 'पाखिना'. शिवाय 'त्यामुळे'साठी 'पोर एसो'.

ज्याची उत्तरे चुकली असतील, त्याने खंत करू नये. मात्र चूक दुरुस्त करताना योग्य शब्द नुसता लिहून न घेता, आपण दुसरा शब्द का निवडला होता, तेही त्याच्याशेजारी लिहावे. पुढच्या वेळी बोलण्याआधी क्षणभर थांबण्याची सवय त्यातूनच लागते. आणि शब्द फार ओळखीचा वाटू लागला, की त्या थांबण्याची गरज सर्वांत अधिक असते.